अर्थिंगला पाणी

आमच्या घरात जेवढी भांडणं पाण्यावरून झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाहीत. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीला नळ आठवड्यातून एकदा येतो, कधी त्याहूनही उशिरा, आणि यायची वेळ कुणालाच माहीत नसते. आला की तासभर चालतो. तेवढ्यात मोटार लावून हौद भरून घेतला तर आठवडा निभावतो, नाहीतर शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन जायचं. म्हणून नळाच्या दिवशी घरातलं एक माणूस नळापाशी बांधलेलं असतं. आमच्याकडं ते माणूस म्हणजे आई. तिचे गुडघे गेलेत, तरी दर दहा मिनिटांनी उठायची, तोटी उघडून बघायची आणि बडबडत परत येऊन बसायची.

आणि अशा घरात बाबा दर रविवारी अर्धी बादली पाणी जमिनीत ओतायचे.

बाबा वायरमन. कन्नडकडच्या एका खेड्यातून विशीत शहरात आले आणि चाळीस वर्षं लोकांच्या घरांची वायरिंग केली. गल्लीतलं बुद्धविहार त्यांनीच उजळलं, एक दिडकी न घेता. आमच्या घराच्या मागच्या पायरीजवळ त्यांनी स्वतः खणलेला एक खड्डा आहे. त्यात तांब्याची पट्टी पुरलीये, भोवती कोळसा आणि मीठ. हे आमच्या घराचं अर्थिंग. कुठं वायर उघडी पडली, कुठं गळती झाली, तर करंटानं माणसाला न धरता या खड्ड्यात जावं, अशी ती सोय. पण माती ओली असली तरच तो जातो. म्हणून रविवारी अर्धी बादली.

"माणसाला प्यायला नाय, आन हे खड्ड्याला पाजतेत," आई म्हणायची.

"तो खड्डा हाय म्हणून तू फ्रिजला हात लावून जित्ती हायस," बाबा म्हणायचे. हे दर रविवारी व्हायचं. मला दोन्ही वाक्यं पाठ होती.

मी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. घरातली एकुलती एक. लग्न केलं नाही, त्याची चर्चा करून करून गल्लीही आता थकलीये. स्वभाव तापट. आई म्हणते तो बाबांच्या आईवर गेलाय, बाबा म्हणतात तो आईवर गेलाय. कुणावर का गेला असेना, त्याचा त्रास मी बाबांना दिला, आणि ते सांगायलाच हे लिहायला बसलेय.

मागच्या थंडीत बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं दोन दिवसांत सुधारलं, पाय आठवड्यात सुधारला, उजवा हात मात्र राहिला. बोटं हलायची, पण सावकाश, आणि त्यांना बधिरपणा होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "हात परत येईल, पण वापरला तर. बसून राहिले तर आखडेल, आणि मग मी काही करू शकणार नाही." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी स्पंजचा एक चेंडू दिला. बाबांनी तो दोनदा दाबला आणि खाटेखाली ढकलून दिला. "मी काय लेकरू हाय का," म्हणाले.

चेंडू गेला, पण टेस्टर होता. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम टेस्टर असायचा, अगदी लग्नाला जातानासुद्धा. त्याच्या टोकानं खिसा फाटतो म्हणून आई प्रत्येक नव्या सदऱ्याच्या खिशाला आतून आधीच ठिगळ लावायची. टेस्टर म्हणजे काय हे सगळ्यांना माहीतच आहे, तरी सांगते, कारण पुढं त्यावरच सगळं आहे. स्क्रू-ड्रायव्हरसारखी ती दांडी, आत एवढासा लाल दिवा. टोक वायरीला लावायचं आणि मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. करंट टेस्टरमधून येतो, आपल्या अंगातून जमिनीत जातो, इतका थोडा की कळतही नाही. बोट काढलं की दिवा गेला. मी पाच-सहा वर्षांची असताना बाबांनी माझं बोट धरून त्या टोपीवर ठेवलं होतं. दिवा पेटला. "बघ, तुझ्यातनं गेला," ते म्हणाले. "माणूस मधी असल्याबिगर हा पेटत नाय." मी महिनाभर शाळेत सांगत फिरत होते की माझ्यात करंट आहे.

झटक्यानंतर पंधरा दिवसांतच टेस्टर खिशात परत आला. बाबा इस्त्रीची वायर बदलायला बसायचे. दहा मिनिटांच्या कामाला दुपार जायची. स्क्रू हातातून पडायचा, आम्ही तिघं जमिनीवर तो शोधायचो. पण महिन्याभरात त्यांना सदऱ्याची वरची दोन बटनं लावता यायला लागली. मी डॉक्टरांना फोन करून ते सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानंच.

त्याच दिवसांत मी आईसाठी नळाची घंटा करायला घेतली. कल्पना साधी होती. तोटी उघडीच ठेवून तिच्याखाली प्लास्टिकची एक डबी लटकवायची, तिच्यात स्टीलचे दोन स्क्रू. पाणी डबीत पडलं की दोन्ही स्क्रू पाण्यानं जोडले जातात, छोट्या बोर्डाला ते कळतं आणि घरात घंटा वाजते. लॅबमध्ये पोरं असल्या बोर्डांवर काय काय करतात, मला एवढं तर जमणारच. बोर्ड मी औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणला, सगळ्यात स्वस्तातला. त्याला स्वतःचा यूएसबीचा सॉकेट नव्हता. म्हणून एक वेगळी केबल लागते. एका टोकाला यूएसबीची पिन, तिला जरा जाड डोकं, कारण आत लॅपटॉपची भाषा बोर्डाच्या भाषेत करणारी चिप असते. दुसऱ्या टोकाला चार सुट्या वायरी, लाल, काळी, हिरवी, पांढरी. त्या बोर्डाच्या पिनांवर नुसत्या दाबून बसवायच्या. या केबलीतून लॅपटॉप बोर्डाला काय करायचं ते शिकवतो. शिकवून झालं की तीच केबल लॅपटॉपऐवजी चार्जरला लावायची, बोर्डाला करंट मिळतो.

बाबा खुर्ची ओढून समोर बसायचे. डबीला भोकं त्यांनीच पाडली, डाव्या हातानं डबी धरून आणि उजव्या हातात ड्रिल घेऊन. एक भोक वाकडं गेलं, तरी माझ्या दृष्टीनं तो विक्रम होता.

"एवढ्याश्या चार वायरी," बाबा म्हणाले. "ह्यातनं काय जात असंल?"

"दोन करंटासाठी, बाबा. उरलेल्या दोनातली एक बोलणारी, एक ऐकणारी. इकडची बोलणारी तिकडच्या ऐकणारीला जोडायची. उलटीपालटी."

"आन दोन्हीबी बोलणाऱ्या जोडल्या तर?"

"तर कुणालाच काही कळत नाही."

"आपल्या घरासारखं," आई आतून म्हणाली.

कुठली वायर कोणती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. काळी म्हणजे ग्राउंड. आमच्या लॅबमध्ये हे पहिल्या तासाला सांगतात आणि परत कुणी विचारत नाही.

घंटा तीन आठवडे नीट वाजली. आई खाटेवर पडून राहायची, घंटा झाली की उठून मोटारीचं बटन दाबायची. गल्लीतल्या बाया बघायला येऊन गेल्या. बाबा त्यांना डबी दाखवायचे, वाकडं भोकसुद्धा.

मग तो दिवस आला. नळाचा दिवस होता, आणि माझ्याकडं प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. बाहेरचे परीक्षक समोर बसलेले. बाबांचा फोन आला. मी टेबलाखाली वाकून घेतला.

"चारीबी वायरी निसटल्यात," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचा झाडू लागला. सांग, मी लावतो."

"दोनच लावा बाबा. लाल वायर फाइव्ह व्ही लिहिलंय तिथं. ग्राउंड जीएनडी लिहिलंय तिथं. बाकीच्या दोन लोंबकळू द्या."

"ग्राउंडची कुठली गं..."

"लिहिलंय बाबा बोर्डावर. ठेवते." आणि मी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर आई शेजारच्या दारात कळशी घेऊन उभी होती. नळ दुपारी येऊन गेला होता. घंटा वाजली नव्हती. मी चप्पल न काढता आत गेले. बाबांनी लाल वायर बरोबर लावली होती. जीएनडीवर त्यांनी हिरवी लावली होती.

आता मला कळतं, त्यात चूक अशी काही नव्हतीच. चाळीस वर्षं त्यांच्या हातून जेवढ्या वायरी गेल्या, त्यात करंट आणणारी फेजची लाल, परत नेणारी न्यूट्रलची काळी आणि जमिनीत जाणारी हिरवी. ग्राउंड म्हटलं की त्यांच्या लेखी जमीन. जमिनीला हिरवी सोडून दुसरी वायर लावणारा वायरमन त्यांनी कामावरून घालवला असता. पण या केबलीत हिरवी ही बोलणारी वायर होती. तिला जीएनडीवर लावल्यामुळं बोर्डाला करंट पुरा मिळालाच नाही, आणि केबलीच्या जाड डोक्यातली चिप जळून गेली. हात लावला तर चटका बसला.

मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. आई कळशी घेऊन दारात आली होती, तिच्या मागं शेजारीण होती, आणि मी म्हणाले, "चाळीस वर्षं वायरिंग केली आणि तुम्हाला चार वायरी लावता येत नाहीत? यापुढं कशाला हात लावू नका."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला, शिलाई मशिनवर ठेवला आणि हात धुवायला गेले.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, खायला आणायची पद्धत आहे. मी बाबांना आवडतात म्हणून मुगाची भजी आणली. त्यांनी खाल्ली, छान आहेत म्हणाले. टेस्टर मशिनवरच राहिला. आठवड्यानं तो तिथंही दिसेना, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढचे चार महिने कसे गेले ते सांगायला नको वाटतं. मिक्सरची पिन सैल झाली. मी मुद्दाम बाबांसमोर आणून ठेवली. "माणूस बोलव," ते म्हणाले. बाथरूममधला होल्डर जळाला. "माणूस बोलव." मी बोलावला तो माणूस पंचेचाळिशीचा, एकेकाळी बाबांच्याच हाताखाली काम शिकलेला. तो शिडी घेऊन दारात घुटमळत राहिला. "काका, तुम्ही असताना मी कसा..." बाबा म्हणाले, "कर तू," आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तो बिचारा चहा न घेता गेला.

रविवार आला की आई आशेनं बघायची. जिनं आयुष्यभर त्या अर्ध्या बादलीवरून बोलणी ऐकवली, तीच आता म्हणायची, "आज खड्ड्याला पाणी घालायचं नाय का?" बाबा म्हणायचे, "राहू दे." उन्हाळा सुरू झाला होता. पायरीजवळची माती फुटून गेली.

आणि हात मागं गेला. आधी बटनं आई लावायला लागली. मग बाबा डाव्या हातानं चमच्यानं जेवायला लागले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्यांची बोटं एकेक करून सरळ केली आणि विचारलं, "वापरताय ना?" मी म्हणाले, "हो." बाबा माझ्याकडं बघत राहिले.  हे सगळं माझ्या त्या एका वाक्यानं केलं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं, आणि ते वाक्य परत कसं घ्यायचं हे मला येत नव्हतं.

घंटाही तशीच पडली होती. शेवटी एका शनिवारी आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांनी काय घोडं मारलं? ती घंटी तरी चालू कर." मी औरंगपुऱ्यात जाऊन नवी केबल आणली. दिसायला अगदी जुनीसारखी, तेच चार रंग.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बोर्ड घेऊन बसले. लाल फाइव्ह व्हीवर, काळी जीएनडीवर, केबल चार्जरला. बोर्डावर एक छोटा दिवा असतो, करंट मिळाला की ठसठशीत पेटतो. तो पेटला, पण कसाबसा. मी वायरी काढून परत दाबल्या. चार्जर दुसऱ्या पॉइंटला लावला. बोर्ड उलटा करून सोल्डरचे टाके बघितले. दिवा तसाच. माझं डोकं तापायला लागलं.

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. पेपरच्या वरून दिव्याकडं बघत म्हणाले, "न्यूट्रल मिळंना त्याला."

"बाबा, ह्यात न्यूट्रल नसतो."

त्यांनी पेपरचं पान उलटलं. माझं मलाच वाईट वाटलं, पण शब्द निघून गेला होता. आणखी पंधरा मिनिटं मी त्या बोर्डाशी झगडले. मग लॅबमधून आणलेला मल्टीमीटर काढला आणि केबलीच्या वायरी एकेक करून तपासल्या. मी तपासल्या आणि परत तपासल्या, कारण विश्वास बसेना. काळी वायर ग्राउंड नव्हतीच. या केबलीत ग्राउंड पांढरीवर होतं, आणि काळी ही बोलणारी. बनवणाऱ्यानं हाताला येतील त्या वायरी लावून टाकल्या होत्या.

म्हणजे चार महिन्यांपूर्वी बाबांनी जे केलं, तेच मी आत्ता केलं होतं. आणि लॅबमध्ये बारा वर्षं काढून केलं होतं. बाबांनी मात्र खाटेवरून, दिवा नुसता बघून, काय बिघडलंय ते सांगितलं होतं. बोर्डाच्या भाषेत जे ग्राउंड तेच त्यांचं न्यूट्रल, करंट परत जायची वाट. ती मिळाली नाही की दिवा असाच मरगळतो, घरातला असो नाहीतर बोर्डावरचा.

"पांढरी निघाली," मी म्हणाले. "काळी नव्हतीच."

बाबांनी पेपरची घडी केली. "रंगावर जायचं नसतं," ते म्हणाले. "रंग घालणाराबी माणूसच हाय. टेस्टर लावायचा, मंग हात. पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही हे."

मी लाजेनं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, कारण खरंच कळत नव्हतं, "मग त्या दिवशी तुम्ही हिरवीवर कसे गेलात?"

 आईची आत चाललेली भांडी थांबली.

"टेस्टर लावला होता की," बाबा म्हणाले. "चारीबी वायरींना. आधी चार्जर लावून."

"मग?"

"पेटला नाय. चार्जरच्या वायरीला लावला की लोकांच्या घरी मिणमिणतो, मी लई बघितलंय. इथं काहीच नाय. टोक बदललं, बोट दाबून धरलं. काहीच नाय." त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "मंग कळलं. टेस्टर काय बिघडत नाय. माणसातनं गेल्याबिगर तो पेटत नाय. माझ्यातनं आता काय जात नाय. हात मेला."

"बाबा."

"भिंतीत लावून बघायची हिंमत झाली नाय. तिथंबी नाय पेटला तर? मंग गेलो रंगावर."

चार महिने मी समजत होते की माझ्या बोलण्यानं त्यांनी टेस्टर ठेवला. माझं बोलणं त्यांनी कदाचित धड ऐकलंही नव्हतं. कशाला हात लावू नका, असं मी म्हणाले, तेव्हा ते स्वतःच तेच ठरवून बसले होते. आणि ज्या माणसानं फोनवर विचारलं होतं, ग्राउंडची कुठली, त्याला मी उत्तर दिलं नव्हतं.

मी उठून चार्जर काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. "हा बघा, तेव्हाही हाच होता. ह्याला किती पिना आहेत?"

"तीन."

"लॅबमधून भंगारात निघालेला आहे हा. लोकांकडचे चार्जर दोन पिनांचे असतात. त्यातून जरा गळती होते, म्हणून टेस्टर मिणमिणतो. ह्याची तिसरी पिन कुठं जाते?"

बाबा चार्जरकडं बघत राहिले. मग खिडकीतून मागच्या पायरीकडं. "खड्ड्यात," ते म्हणाले.

"जी काही गळती होती ती सगळी तुमच्या खड्ड्यात गेली. आणि केबलीत होते पाचच व्होल्ट, त्यानं टेस्टर पेटतच नसतो. तुमचा हात मेला म्हणून नाही पेटला, बाबा. तुमचं अर्थिंग चोख होतं म्हणून नाही पेटला."

त्यांनी ते लगेच मानलं नाही. वायरमन आहेत, असे कसे मानतील. "म्हंजे दोन पिनांचा असता तर मिणमिणला असता?" असं विचारलं. मी हो म्हणाले. "आन खड्डा कोरडा असता तर?" तरीसुद्धा मिणमिणला असता, मी म्हणाले. ते मनातल्या मनात वायरी जोडून बघत होते, त्यांच्या डोळ्यांवरून मला कळत होतं. मग म्हणाले, "टेस्टर कुठंय?"

आई स्वयंपाकघरातून आली. शिलाई मशिनचा खण उघडून तिनं कापडात गुंडाळलेला टेस्टर काढला आणि त्यांच्या शेजारी ठेवला. तिचे हात पिठाचे होते, कापडाला बोटं उमटली.

बाबा भिंतीशी गेले. टेस्टर त्यांनी डाव्या हातात घेतला होता, तो उजव्यात घेतला. टोक पॉइंटमध्ये बसवायला वेळ लागला. अंगठा टोपीवरून घसरला. परत ठेवला, परत घसरला. मी त्यांचं मनगट धरायला पुढं झाले, तर आईनं माझा दंड पकडला आणि मागं ओढलं. तिसऱ्यांदा अंगठा बसला, आणि दिवा पेटला.

"पेटला," बाबा म्हणाले, मीटरचा आकडा वाचावा तसं.

त्यांनी अंगठा काढला, दिवा गेला. ठेवला, पेटला. असं त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.  मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी त्या दिव्याकडंच बघत राहिले.

"मी तेव्हा फोन ठेवायला नको होता," मी म्हणाले.

"परीक्षा होती तुझी," बाबा म्हणाले. त्यांनी टेस्टर पुसला, सदऱ्याच्या खिशात सोडला आणि वरून एकदा चाचपून बघितला. "आज रविवार हाय ना गं? अर्धी बादली दे."

नळ येऊन पाच दिवस झाले होते. हौद तळाला गेला होता आणि पिण्याची दोनच भांडी उरली होती. आईनं हौदातून बादली काढली, काठोकाठ भरलेली, आणि दारात आणून ठेवली. बाबांनी ती उजव्या हातानं उचलली. दोन पावलं गेले आणि बादली कलली, निम्मं पाणी उंबऱ्यातच सांडलं. तांब्याभर पाण्यावरून घर डोक्यावर घेणारी माझी आई त्या ओल्यात उभी राहून बघत होती.